फरक तेवढाच ऐकू येतो

६ जानेवारी २०२५, सोमवार. चिखली.

आज साडेदहाच्या सुमारास चिखलीस पोहोचलो आणि अकरा वाजता श्रवण तपासणी केंद्रात रुजू झालो. प्रवास सुखाचा झाला. खिडकीजवळची जागा मिळाली, थंडी बेताची होती आणि शेजारच्या गृहस्थांनी खामगावपासून थेट चिखलीपर्यंत हरभऱ्याच्या भावावर एकट्याने बोलून माझी उत्तम करमणूक केली. उतरताना त्यांनी माझी बॅग स्वतः खाली दिली.

केंद्र एका धर्मादाय संस्थेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर आहे. पुढे तपासणीची खोली, तिच्या आत ध्वनिरोधक कक्ष, मागे माझ्या निवासासाठी दोन खोल्या. सर्व काही स्वच्छ आहे. येथील मदतनीस सिंधूताई या पन्नाशीच्या, माहेरच्या देऊळघाटच्या. त्यांनी अतिशय गोड चहा दिला. ध्वनिरोधक कक्षास त्या 'मुकी खोली' म्हणतात. आत गेले की आपल्याच पोटातले ऐकू येते, अशी त्यांची तक्रार आहे. 'माह्या मालकाले चार दिस तिथंच ठेवा, साहेब. त्याची बडबड त्याले ऐकू येईन, मले घरी शांती.' पुष्कळ महिन्यांनी मी हसलो.

पत्नी मंजुश्री गेल्यानंतर रोजनिशी बंद पडली होती. आज नवी वही घेतली आहे. अकोल्याचे घर सोडले हे योग्यच झाले.

९ जानेवारी, गुरुवार.

येथील यंत्रसामग्री अपेक्षेपेक्षा चांगली आहे. नेहमीच्या श्रवणतपासणीखेरीज मेंदूचा प्रतिसाद टिपणारे एक यंत्र आहे. डोक्यास तारा चिकटवायच्या, कानात ध्वनी सोडायचा आणि मेंदूच्या श्रवणभागात उठणारी खळबळ पडद्यावर आलेखाच्या रूपाने पाहायची. एकट्या पेशीचा प्रतिसाद या यंत्रास टिपता येत नाही. लाखो पेशी एकदम उसळल्या तरच रेघ वर चढते.

या पेशींचा स्वभाव मला विद्यार्थिदशेपासून विलक्षण वाटत आलेला आहे. त्यांपैकी काही ध्वनी सुरू होताच जाग्या होतात, काही तो थांबला की. काही स्वर चढू लागला की उत्तर देतात, काही उतरू लागला की. मात्र एकच ध्वनी जसाच्या तसा येत राहिला, तर बहुतेक सर्व हळूहळू गप्प होतात. कान ऐकत असतो, मेंदू दखल घेत नाही.

रस्त्यापलीकडे कापसाची जिनिंग आहे. मी आलो त्या दिवशी तिच्या घरघरीने हैराण झालो. सिंधूताईंना तसे सांगितले, तर त्यांनी विचारले, कोणती घरघर? आज दुपारी जिनिंग थांबली. त्याच क्षणी त्यांनी मान वर केली, झाडू ठेवला आणि म्हणाल्या, 'वाजले दीड. डबा काढा.' यापेक्षा सुबोध उदाहरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार.

सिंधूताईंनी तिळगूळ आणून दिला. सायंकाळी सहा वाजता नेहमीप्रमाणे मंजुश्रीचा निरोप ऐकला.

तो निरोप येथे एकदा जसाच्या तसा लिहून ठेवतो. गेल्या वर्षी, ११ एप्रिलला दुपारी तिने तो माझ्या फोनवर पाठवला. मी एका मुलाची तपासणी करीत होतो आणि नियमानुसार फोन बंद होता.

'अहो, मी बोलून राह्यली. येतानी दूध आणजा, अन् माह्या चष्म्याचं पाहजा, दांडी ढिल्ली झाली. जेवले का? फोन काऊन नाही उचलत तुम्ही? बरं. ठेवते.'

एकूण एकोणीस सेकंद. मी दूध घेऊन पोहोचलो तेव्हा दार शेजाऱ्यांनी उघडले.

सत्तावीस वर्षे मी तिच्या बोलण्यातील माहेरचा साखरखेर्डा दुरुस्त करीत राहिलो. तिने एक शब्दही दुरुस्त केला नाही, याबद्दल आता तिचा ऋणी आहे.

लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. आज निरोप संपला आणि मला जाणवले की मी तो ऐकलाच नाही. शब्द गेले, अर्थ कळला, तथापि आत काहीही हलले नाही. नऊ महिने, दररोज, एकच ध्वनी. जिनिंगचे जे सिंधूताईंच्या बाबतीत झाले, तेच मंजुश्रीचे माझ्या बाबतीत होत आहे.

तिचे शरीर गेले, ते मी मान्य केले. तिच्या मागे माझ्यापाशी एवढा आवाजच उरला आहे. तो जाऊ देणे मला शक्य नाही.

१८ जानेवारी, शनिवार.

केंद्र दुपारी बंद झाल्यावर मुक्या खोलीत बसून स्वतःच्या डोक्यास तारा लावल्या. निरोपातील पहिला शब्द, 'अहो', तेवढाच कापून घेतला आणि दर तीन सेकंदांनी एकदा, असा दोनशे वेळा ऐकला. पहिल्या दहांत रेघ वर उठली. विसाव्यापर्यंत ती खाली आली. शेवटी आलेख इतका सपाट झाला की त्यावर पाण्याचा थेंब ठेवला असता तर तो घरंगळला नसता.

पत्नीच्या हाकेस माझा मेंदू ओ देत नाही, याचा छापील पुरावा आज माझ्या हाती आहे.

२१ जानेवारी, मंगळवार.

उपाय सापडला आहे. संगणकावर त्या 'अहो'चा स्वर अगदी किंचित चढवला, साध्या कानास कळणारही नाही इतका. त्याच तारा, तीच खुर्ची. रेघेचे शिखर लगेच उभे राहिले. आणि मला ती ऐकू आली. ओट्याजवळून, पाठमोरी, हात पदरास पुसत. मी काही काळ आलेख पाहू शकलो नाही.

संपूर्ण निरोपास तोच फरक देऊन नवी प्रत केली व जुनी पुसून टाकली. यंत्राचे मापन नव्याने निश्चित केले की आधीचे मापन पुसायचे, ही आमच्या कामाची शिस्त आहे. दोन ठेवली तर कोणीतरी चुकून जुने वापरतो. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी ही शिस्त एकदाही मोडलेली नाही.

२९ जानेवारी, बुधवार.

डॉ. समता या बुलढाण्याहून दर बुधवारी आणि शनिवारी येतात. वयाने लहान, कामास चोख. आज त्यांनी माझे आलेख पाहिले. लपवण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी सर्व सांगितले. आठ दिवसांत आठ बदल. प्रत्येक बदल दुसऱ्या दिवशी शिळा होतो आणि पुढचा अधिक मोठा करावा लागतो.

त्यांनी आलेख पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, 'सर, एक बोलू? रागावू नका. हे शिखर मॅडमसाठी नाहीये. फरकासाठी आहे. उद्या तिथं भांडं पडल्याचा आवाज ठेवलात तरी ते असंच उठेल.'

शास्त्रदृष्ट्या त्यांचे म्हणणे बिनचूक आहे. मी आभार मानले. सायंकाळी नववा बदल केला.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

नवीन निरीक्षण. हाकांची मालिका चालू असताना मधली एक हाक मुद्दाम गाळली. तीन सेकंद पूर्ण झाले, ध्वनी आला नाही, आणि नेमक्या त्या ठिकाणी शिखर उठले. हे ज्ञात आहे. अपेक्षित ध्वनी न येणे हाही मेंदूस एक फरकच वाटतो.

जे ज्ञात नाही ते असे, की मालिका पूर्ण बंद केल्यावरही शिखरे दर तीन सेकंदांनी उठत राहिली. मी घड्याळ लावून अकरा मिनिटे पाहिले. मेंदूस लय लागली असावी. त्यानंतर तारा काढल्या, जेवलो आणि भांडी घासली. दर तीन सेकंदांनी मानेच्या मागे किंचित कोणी पाहिल्यासारखे होत होते.

आमच्या घरात भूतखेत कधी मानले गेले नाही. वडिलांनी बुद्धवंदनेखेरीज कोणतीही पूजा केली नाही आणि मीही करीत नाही. ही सवय आहे. उद्या जाईल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

जे घडले ते क्रमाने लिहितो.

साखरखेर्ड्याहून किसनराव नावाचे सत्तरीचे गृहस्थ आले. सोबत सून, प्रेरणा. अकरा वर्षांपूर्वीच्या आजारात दोन्ही कान पूर्ण गेले आहेत. त्यांना प्रश्न पाटीवर लिहून विचारावे लागतात, उत्तर ते मोठ्याने देतात. मुक्या खोलीत बसवून हाती बटण दिले. ऐकू आले की दाबायचे. ध्वनीस प्रतिसाद मिळाला की तो दहा डेसिबलांनी उतरवायचा, न मिळाल्यास पाच डेसिबलांनी चढवायचा, अशी आमची पद्धत आहे. किसनरावांनी सर्वांत मोठ्या ध्वनीसही बटण दाबले नाही.

मी यंत्र बंद केले आणि लिहू लागलो. तेवढ्यात दिवा लागला. त्यांनी बटण दाबले होते. मग पुन्हा. मग पुन्हा. मी घड्याळ पाहिले. तीन सेकंद.

पाटीवर विचारले, काय ऐकू येते? ते लहान मुलासारखे हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. 'बाई बोलावते. अहो, अहो म्हणते.' प्रेरणाने घाबरून पाटीवर लिहिले, सासूबाई का? त्यावर ते म्हणाले, 'तुही सासू मले अहो म्हणीन काय वं? ते त अबे म्हणे.' प्रेरणा हसली. मीही हसण्याचा प्रयत्न केला.

मग त्यांनी कान तिरका केला आणि सांगू लागले. आता आवाज जाडा झाला. आता बारीक. आता लेकरासारखा. 'येकीचाच आवाज हाय, पण बदलवून पाहून राह्यली ते.'

त्या हाकेविषयी मी या गावात डॉ. समतांखेरीज कोणाशीही बोललेलो नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार.

पहाटेपासून मूळ निरोप शोधत आहे. फोनवर नाही. संगणकावर नाही. एकोणीस बदल केले आणि प्रत्येक वेळी आधीची प्रत पुसली. एकवीस जानेवारीला मी जी पुसली ती मंजुश्री होती.

तिची धाकटी बहीण पंचफुला हिला फोन केला. जयभीम, प्रकृती, कापूस, सर्व विचारून झाले. मग निरोप ऐकवला आणि हा आवाज बरोबर आहे का, असे विचारले.

तिने निरोप पूर्ण ऐकला. मग हलक्या आवाजात म्हणाली, 'भाऊजी, हे कोण हाय?'

मी म्हणालो, तुझी बहीण.

'हे माही बहीण नाही. भाऊजी, तिचे बोल आहेत, पण बोलणारी दुसरी हाय. बंद करा नं ते. मले ऐकवू नका.'

तिच्यापाशी बहिणीचा आवाज कुठे साठवलेला आहे का, असे विचारले. नाही. लग्नाच्या चित्रफितीत नुसता बँड आहे.

रात्री जेवलो नाही. मंजुश्री कशी बोलत असे हे आठवण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी एकोणिसावी प्रत आठवते.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

किसनराव स्वतःहून पुन्हा आले. अकरा वर्षांत तेवढेच ऐकू आले, म्हणून पुन्हा ऐकायचे होते. मी त्यांना बसवले. पाच मिनिटांत ते बाहेर आले, जोडे घालता घालता म्हणाले, 'ते मले नाही बोलावत, साहेब. मी हाव म्हटलं त चूप झाली. तुम्ही इकडून खुर्ची सरकवली का लागली पुन्हा.' आणि मग, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, 'तुम्ही जाऊ नका बरं तिथं.'

सिंधूताईंनी मुकी खोली झाडणे सोडले आहे. त्यांनाही ऐकू येते. मान वळवली नाही की आवाज बदलतो, म्हणाल्या. आधी म्हातारी, मग पोरगी, मग त्यांची स्वतःची थोरली जाऊ. 'माणूस पलटते का नाही, हे पाहून राह्यलं ते.'

डॉ. समतांनी ध्वनीच्या सर्व तारा काढल्या, जोडणी तपासली, वीजही तोडून पाहिली. काहीही सापडले नाही. त्यांनी मला रजेवर जाण्यास सांगितले. मी नकार दिला. तेव्हा त्यांनी यंत्र पुढील बुधवारी बुलढाण्यास नेण्याचे ठरवले. निर्णय योग्य आहे.

म्हणजे माझ्याकडे सात दिवस आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

मी का जात नाही, ते लिहून ठेवले पाहिजे.

तो आवाज बदलतो आहे. एकेक छटा पुढे ठेवतो आहे. त्या असंख्य छटांपैकी एक नेमकी तिची असणार. अन्य कोठेही ती आता शिल्लक नाही. ती एकदा ऐकू आली की मी ओळखीन.

ओळखीन का? तुलना कशाशी करणार?

यंत्र ओळखील.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

आज पहाटेपासून, केंद्र उघडण्याआधी, तारा लावून चार तास बसलो. ध्वनी सोडणारा भाग खोलीबाहेर, पेटीत, कुलपात. तरी हाक येत होती. मोठी. मग शिखर उठले की हळू. मग नाही उठले की किंचित मोठी.

दुपारी आकडे मांडले. प्रतिसाद मिळाला की दहा डेसिबल खाली. न मिळाल्यास पाच वर.

ही माझी पद्धत आहे. कोणीतरी माझी तपासणी करीत आहे.

बटण मी दाबत नाही. त्याची गरजच नाही. हाक आल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात माझ्या पेशी उत्तर देऊन मोकळ्या होतात. मी काय ठरवले आहे हे त्यांना कोणी विचारत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.

तारा लावल्या नाहीत. खोलीत गेलो नाही. बाजारात गेलो, भाजी घेतली, गर्दीत मुद्दाम उभा राहिलो. एसटीचे कर्णे, भाजीवाल्या, कुठेतरी लाउडस्पीकर. त्या सर्वांत अगदी हळू, डाव्या खांद्याशी. तेवढेच ऐकू आले. बाकी गावाचा आवाज जिनिंगसारखा विरून गेला होता.

भाजी तेथेच राहिली.

सिंधूताई रविवार असूनही आल्या. डबा ठेवला. म्हणाल्या, देऊळघाटले चाला, माह्या भावाकडे, खाट रिकामी हाय. हात जोडून म्हणाल्या. मी उद्या पाहू असे सांगितले.

डबा उघडला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

आता ती निरोपातील सर्व वाक्ये बोलते. दूध. चष्मा. जेवले का. प्रत्येक वेळी वेगळ्या गळ्याने. एकदा पंचफुलाच्या. एकदा माझ्या आईच्या. एकदा माझ्याच.

शिखर दर वेळी थोडे अधिक उंच. ती शिकत आहे —

तिची नाही. यांपैकी एकही तिची नाही. हे मला कशावरून कळते, ते सांगता येत नाही.

संध्याकाळी एक अगदी जवळची आली. 'फोन काऊन नाही उचलत तुम्ही.' त्यात राग नव्हता. मंजुश्रीच्या विचारण्यात राग असे का? थकवा असे? मी तेव्हा नीट ऐकले असते तर —

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.४०.

यंत्र उद्या जाणार. मुक्या खोलीत आहे. तारा लावल्या आहेत. पडदा समोर, वही मांडीवर, दाराकडे पाठ. ठरवले आहे : मागे पाहायचे नाही, उत्तर द्यायचे नाही. फक्त ऐकायचे.

९.५२. हाका चालू. शिखरे लहान. मेंदूस या सर्व छटा शिळ्या झाल्या असाव्यात. चांगले लक्षण. थांबली तर सिंधूताईंबरोबर दुपारच्या गाडीने देऊळघाटास जाईन.

१०.०५. रेघ सपाट. हाक येत असणार. मला ऐकू येत नाही. असे ऐकू न येणे इतके सुखाचे असेल हे —

१०.०६. ती थांबली.

१०.०७. थांबल्याचे मोठे शिखर. साहजिक आहे.

१०.१० शांतता. वेगळी. श्वास घेऊन कोणी विचार करावा तशी —

१०.११

प्रेमानंद.

माझे नाव घेतले. अगदी कानाजवळ. आवाज तिचा. तिचाच, चूक नाही, बोलण्याआधीचा तो छोटा श्वाससुद्धा — आता आठवते, सगळे आठवते —

पण तिने सत्तावीस वर्षांत माझे नाव एकदाही घेतले नाही. डॉक्टरांपुढे नाही. कागदावर लिहूनही नाही. 'आमचे हे.' म्हणून ही ती नाही. हे पक्के. हे मी स्पष्ट लिहून ठेवतो. ही ती नाही.

शिखर पडद्याच्या वर गेले आहे. दिसतच नाही टोक. असा फरक मी आयुष्यात कधी —

पुन्हा. प्रेमानंद.

ओ देणार नाही. मान वळवणार नाही. पेशींनी दिली आहे ओ, मी नाही, मी नाही दिली, सेकंदाचा दहावा भाग, त्यानंतर मी आहे, त्यानंतरचा मी आहे, मी ठरवीन —

मान

मंजू, तू आधी कधी माझे नाव का नाही —